बारा एमएमच्या कडेला स्क्रू का धरत नाही?

"मिस्त्री, सगळं कपाट बारा एमएममध्येच बसवा ना. अठरा कशाला पाहिजे?"

भुसावळला जामनेर रोडवरच्या एखाद्या प्लायवूडच्या दुकानात थोडा वेळ उभे राहा, हा प्रश्न कानावर पडतोच. विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. ८ बाय ४ फुटांचा अठरा एमएमचा ताव तीस-पस्तीस किलो भरतो, बाराचा वीस-पंचवीस. पैसेही त्याच मानाने कमी लागतात. त्यात हे रेल्वेचं गाव. क्वार्टर वरच्या मजल्यावर मिळतं, बदलीचा कागद कधी येईल ते सांगता येत नाही, मग उचलायला हलकं ते बरं असं कुणालाही वाटणारच.

मिस्त्रीचं उत्तरही ठरलेलं. "बसवतो की, भाऊ. पण कडेला स्क्रू धरणार नाही. मग मला बोलायचं नाही."

तोही खोटं बोलत नाही. बारा एमएमच्या कडेत सरळ घातलेला स्क्रू खरोखरच भरवशाचा नसतो. पण तोच स्क्रू तिरका, म्हणजे पॉकेट होलमधून घातला तर बाराच्या तावाचंही चांगलं कपाट होतं. त्यापेक्षा पातळ तावाचं मात्र होत नाही. असं का, हे समजायला आधी ताव आतून कसा असतो ते बघू.

१. तावाच्या पोटात

ओंडका यंत्रावर गोल फिरवत ठेवतात आणि त्याला लांब पातं लावतात. पेन्सिलीला टोक करताना निघते तशी, पण सलग आणि मीटरभराहून रुंद अशी लाकडाची साल सुटत जाते. हे पापुद्रे म्हणजे व्हिनियर. ते सुकवून, गोंद लावून एकावर एक रचतात आणि गरम प्रेसमध्ये दाबतात. रचताना प्रत्येक पापुद्रा खालच्याला काटकोनात ठेवतात. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने फुगतं-आकसतं, रेषेच्या दिशेने जवळजवळ नाहीच. आडवा-उभा थर रचला की प्रत्येक थर शेजारच्याची हालचाल अडवतो. मे महिन्यात पारा ४५च्या वर आणि जुलैत दमट हवा, अशा आपल्या गावात ताव सरळ राहतो तो यामुळे. थरांची संख्या विषम असते, म्हणजे दोन्ही तोंडांच्या रेषा एकाच दिशेला राहतात आणि ताव एका बाजूला ओढला जात नाही.

कल्पना फार जुनी आहे. इजिप्तमध्ये सकारा इथे राजा जोसेरचा पायऱ्यांचा पिरॅमिड आहे, साडेचार हजार वर्षांहून जुना. त्यात सहा थरांची एक शवपेटी सापडली. प्रत्येक थर सुमारे ४ मिमीचा, लाकडाच्या रेषा एकमेकींना आडव्या आणि थर लाकडी खुंट्यांनी जोडलेले.

आपल्याकडे प्लायवूडचं सुरुवातीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे चहाच्या पेट्या. त्यामुळे कारखाने आसामकडे, जंगलाला लागून. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर कडक आदेश दिला, ईशान्येकडच्या गिरण्या थंडावल्या आणि धंद्याचा मोठा भाग हरियाणातल्या यमुनानगरकडे गेला. तिथे लाकूड येतं ते शेतातलं: पॉपलर आणि निलगिरी. सांध्याशी याचा थेट संबंध आहे. पॉपलर मऊ असतो, त्यात स्क्रूचे आटे सहज शिरतात आणि जोर जास्त झाला तर तितक्याच सहज निसटतात. निलगिरी त्यापेक्षा कठीण.

दुकानात ताव बघताना म्हणूनच वरचं गुळगुळीत तोंड बघण्यात फार वेळ घालवू नका. कड बघा. पांढुरके, मलईच्या रंगाचे थर बहुधा पॉपलरचे, लालसर-तपकिरी निलगिरीचे. दोन्ही एकाआड एक असतील तर दुकानदार त्याला 'अल्टरनेट' म्हणतो. कडेवर बोट फिरवत चाला. कुठे काळी फट दिसली, तर तिथे आतला पापुद्रा तुटका आहे किंवा दोन तुकड्यांत जागा राहिली आहे. स्क्रू नेमका त्या पोकळीत गेला तर मिस्त्री कितीही चांगला असो, सांधा धरणार नाही.

२. कडेतून सरळ स्क्रू घातला की काय होतं

शंभर पानी वहीत टाचणी खुपसायची आहे. तोंडाकडून, पानांच्या आरपार खुपसली तर ती घट्ट बसते, कारण प्रत्येक पान तिला वेढून धरतं. कडेकडून, पानांच्या मधोमध खुपसली तर पानं बाजूला होतात आणि टाचणी सैल राहते. प्लायवूडच्या कडेत नेमकं हेच घडतं. स्क्रूची अणी दोन थरांच्या मधे शिरते आणि त्यांना फाकवते. नेहमीचा स्क्रू सुमारे ४ मिमी जाडीचा असतो. बाराच्या कडेत तो अगदी मधोमध गेला तरी दोन्ही बाजूंना चार-चार मिमीच उरतात. जरा डावा-उजवा झाला की एका अंगाला दोन-अडीच मिमी, म्हणजे जेमतेम दोन पापुद्रे. ताव फुगतो, कधी चिरतो.

मग जुन्या सुतारकामासारखा सालकुसू (एका लाकडाची जीभ, म्हणजे कुसू, दुसऱ्याच्या भोकात) का करत नाहीत? सातपुड्याच्या सागाच्या चौकटी त्यावरच पिढ्यानपिढ्या उभ्या आहेत. पण कुसू लाकडाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा ठेवायचा हा ढोबळ नियम बाराला लावा: ४ मिमीचा कुसू. त्यात दोन-तीन पापुद्रे उरतात आणि त्यांतला निदान एक आडव्या रेषेचा, म्हणजे बोटाने मोडेल असा. सालकुसू भरीव लाकडाचा सांधा आहे. प्लायवूडवर तो लादण्यात अर्थ नाही.

३. तिरका खिसा

पॉकेट होलची युक्ती एवढीच की स्क्रूची भूमिका उलटी करायची. ज्या फळीची कड आहे, तिच्यात आटे रुतवायचेच नाहीत. तिच्या तोंडावर, कडेपासून इंच-दीड इंच आत, सुमारे १५ अंशांच्या तिरकसीने एक खिसा कोरायचा. खिशाचा तळ सपाट. त्या तळातून एक बारीक छिद्र पुढे निघून कडेच्या मधोमध बाहेर पडतं. स्क्रू खिशातून घालायचा. त्याचं डोकं खिशाच्या तळावर अडतं आणि आटे जातात समोरच्या फळीच्या तोंडात, थरांच्या आरपार. आधीच्या कलमातली टाचणी आता पानांच्या आरपार गेली.

आतून तिरका स्क्रू घालणं नवं नाही. इंग्रजी धाटणीचं जुनं लाकडी टेबल हाती आलं तर ते उलटं करून बघा. वरचा तक्ता बाजूपट्ट्यांना बसवायला पटाशीने उतरती खोबण कोरून आतून तिरका स्क्रू मारलेला पुष्कळदा दिसतो. नवं आहे ते मार्गदर्शक साधन, म्हणजे जिग. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात क्रेग सॉमरफेल्ड यांनी ती बनवली आणि तिच्यातून क्रेग ही कंपनी उभी राहिली. जिगमधे पोलादी नळी ठरलेल्या कोनात बसवलेली असते. ड्रिलचं बिट दोन जाड्यांचं, पुढे बारीक आणि मागे साडेनऊ मिमीचं, त्यामुळे खिसा आणि छिद्र एका दमात पडतात. पटाशीला लागणारा अर्धा तास अर्ध्या मिनिटावर आला.

४. पंधरा अंशांचा हिशेब

इथे थोडं गणित करू, कारण पातळ तावात सगळा खेळ दोन-तीन मिलिमीटरांचा आहे. सुतार इंचाचे आठ सूत धरतो. बारा एमएम म्हणजे ढोबळ चार सूत, अठरा म्हणजे सहा, सहा म्हणजे दोन. आपण मिमीतच मोजू.

लक्षात ठेवायचा आकडा एक. पंधरा अंशांत स्क्रूच्या दर १० मिमी लांबीमागे उंची २.६ मिमीने बदलते. सरळ मोजलेली लांबी मात्र फारशी घटत नाही, १० मिमी तिरके म्हणजे साधारण ९.७ मिमी सरळ.

समजा, बाराची आडवी फळी बाराच्याच उभ्या बाजूला जोडायची आहे आणि हाती २५ मिमीचा, म्हणजे इंची स्क्रू आहे. अर्धा फळीत आणि अर्धा बाजूत ठेवला तर साडेबारा मिमी बाहेर आला. सरळ मोजून तो भरतो १२ मिमी. म्हणजे स्क्रूची अणी उभ्या बाजूच्या पलीकडच्या तोंडाला टेकली! आणि बाजारात बारा म्हणून मिळणारा ताव पट्टीने मोजला तर पुष्कळदा अकराच्या आसपास भरतो. तेव्हा अणी कपाटाच्या बाहेर डोकावणार, आणि तिथे सनमायका लावला असेल तर त्याला टेंगूळ येणार.

बरं, मग बाहेर फक्त ९ मिमी येऊ द्या. उरलेले १६ मिमी फळीत राहिले. छिद्र कडेच्या मधोमध, म्हणजे ६ मिमीवर निघतं. तिथून १६ मिमी मागे गेलं की खिशाच्या तळाचा मध्य सुमारे ४.२ मिमी वर चढतो, म्हणजे १०.२ मिमीवर. त्याच्या वर लाकूड उरलं १.८ मिमी. आणि स्क्रूच्या डोक्याची त्रिज्या साडेचार! डोकं एका अंगाने उघडं आणि फळीच्या वर अडीच मिमी आलेलं.

मार्ग दोन निघतात. पहिला, स्क्रू २० मिमीचा घ्या. ९ बाहेर, ११ आत. डोक्याचा मध्य ८.९ मिमीवर येतो, वर उरतात ३.१. नेहमीचं डोकं तरीही मिलिमीटरभर वर राहतं, पण पातळ लाकडासाठी निघालेलं सुमारे ७ मिमीचं बिट आणि त्याच्या जोडीचा लहान डोक्याचा स्क्रू वापरला तर जवळजवळ सपाट बसतो. लहान बिट मिळालं नाही तर जिग कडेपासून ४ मिमी मागे सरकवायची आणि बिटची कॉलर, म्हणजे खोली ठरवणारं कडं, तेवढीच मागे घ्यायची. छिद्र मिलिमीटरभर खाली उतरतं आणि त्यासोबत डोकंही.

दुसरा मार्ग मला जास्त पसंत आहे: फळी बाराची, बाजू अठराची. इंची स्क्रू १२ मिमी फळीत, १३ बाजूत. सरळ मोजून साडेबारा. अठरात अजून साडेपाच शिल्लक. आटे पुरेसे रुततात आणि अणी बाहेर यायची भीती नाही. कपाटाचं वजन सगळं अठरात केल्यापेक्षा तरीही बरंच कमी, कारण फळ्याच जास्त असतात. ज्या भागात खिसा तो पातळ चालेल, ज्या भागात आटे तो जाड हवा. गिऱ्हाइकाने मिस्त्रीशी घासाघीस करायची तर अशी करावी.

५. डोकं आणि आटे

बाजारात सगळीकडे मिळतो तो काळा जिप्सम स्क्रू. त्याचं डोकं खालून निमुळतं, तुतारीच्या आकाराचं. जिप्समच्या पत्र्यात ते छान बसतं. पॉकेट होलमधे मात्र ते पाचरेचं काम करतं. जितकं आवळाल तितका खिशाचा तळ फाकतो, आणि बाराच्या तावात तळाशी फाकायला लाकूडच नसतं. इथे हवा तो खालून सपाट, वायसर लावल्यासारख्या रुंद डोक्याचा. खास पॉकेट स्क्रू मिळाले तर उत्तम. नाही तर पॅन हेड स्क्रू घ्या.

आटे जाडसर, दूर-दूर असलेले घ्या. बारीक, दाट आटे सागासारख्या कठीण लाकडासाठी. पॉपलरमध्ये ते लाकूड कापून भुसा करतात. पण हेही ध्यानात घ्या की ९ मिमी खोलीत पुढची निमुळती अणी वजा जाता कामाचे आटे तीन-चारच रुततात. सगळा भार त्यांच्यावर टाकायचा नाही हे पुढे ओघाने येईलच.

६. भोक पाडताना

कॉलर एलन कीने बसवताना बिट जिगमधे पूर्ण घाला. बिटची अणी जिगच्या तळापासून एक सूत वर राहायला हवी. तळाला टेकवून कॉलर आवळली तर बारीक छिद्राऐवजी जाड बिटच कडेजवळ पोचतं, आणि खिशाचा तळ इतका पातळ होतो की स्क्रूचं डोकं आरपार जातं.

फळी जिगमधे पक्की आवळा. ड्रिल चालू करून पूर्ण वेग आला की मगच बिट लाकडाला लावा. थांबलेलं बिट टेकवून बटण दाबलं तर पहिल्याच फेऱ्यात वरचा पापुद्रा उचकटतो, आणि आतून दिसणाऱ्या फळीला ती जखम कायमची राहते. प्लायचा वरचा पापुद्रा बहुधा मिलिमीटरहून पातळ असतो. त्याचं रक्षण करायचं तर खिशाच्या जागी चिकटपट्टी लावा, किंवा वर एक टाकाऊ तुकडा दाबून धरा. अर्ध्यावर गेल्यावर बिट एकदा बाहेर काढा. नळीत भुसा दाटला की बिट तापतं, करपल्याचा वास येतो. भुशाकडेही लक्ष ठेवा. पांढुरका भुसा येता येता लालसर झाला की बिट निलगिरीच्या थरात शिरलं. मधेच ड्रिल एकदम हलकं झालं, जोर न लावता आत गेलं, तर आत पोकळी आहे. तो खिसा सोडून इंचभर बाजूला दुसरा पाडा.

खिसे किती? नऊ इंच खोल फळीला दोन पुरतात, दोन्ही कडांपासून पावणेदोन-दोन इंच सोडून. त्याहून खोल फळीला दर पाच-सहा इंचांना एक.

कुठल्या अंगाला? फळीच्या खालच्या. डोळ्यांना दिसत नाही हे एक कारण. दुसरं असं की स्क्रू खालून वर चढत बाजूत शिरतो. फळीवर वजन आलं की फळी खाली सरकू पाहते आणि स्क्रू अधिक ताणला जातो, सांधा आवळतो. वरच्या अंगाला खिसे घेतले तर तेच वजन स्क्रूला सैल करू पाहतं.

आवळताना फळी सरकते, ही सगळ्यांचीच तक्रार. स्क्रू तिरका आहे, तो समोर ओढतो तसा वरही ढकलतो. म्हणून गुण्या लावून फळी शिकंज्याने जागेवर धरा, मगच स्क्रू फिरवा. ड्रिलचा क्लच अगदी कमी आकड्यावर ठेवा आणि शेवटचे एक-दोन फेरे हातातल्या स्क्रू ड्रायव्हरने द्या. पॉपलरमध्ये पाव फेरा जास्त झाला तरी आटे मरतात आणि स्क्रू नुसता फिरत राहतो.

७. मग धरतं कोण?

बाराच्या तावात सांधा धरतो तो गोंद. स्क्रू फक्त दाबून ठेवतो. शिकंजे लावून रात्रभर वाट बघायची गरज त्याने संपते. स्क्रू आवळला की लगेच पुढचा सांधा घेता येतो, हा पॉकेट होलचा खरा फायदा.

पटत नसेल तर दोन टाकाऊ तुकड्यांचे दोन एल करा. एकात फक्त स्क्रू, दुसऱ्यात स्क्रू आणि फेव्हिकॉल. चोवीस तास ठेवा आणि मग दोन्ही हातांनी उघडायचा प्रयत्न करा. पहिला हळूहळू जबडा उघडतो, समोरच्या फळीतून आटे लाकूड घेऊन बाहेर येतात. दुसरा बराच वेळ दाद देत नाही आणि सुटतो तेव्हा गोंद सुटत नाही, समोरच्या फळीचा वरचा पापुद्राच उचकटून येतो. गोंदाने आपलं काम केलं, हार मानली ती तावाने.

गोंद लावतानाही कडेचा स्वभाव बघावा लागतो. कडेला एकाआड एक थराची रेषा आपल्याकडे तोंड करून असते. ते थर नळ्यांच्या तोंडांसारखे उघडे असल्याने गोंद पिऊन टाकतात आणि सांध्यात काही उरत नाही. आधी पातळ हात द्या, दोन-तीन मिनिटं मुरू द्या, मग नेहमीचा हात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली फेव्हिकॉलवर बघता बघता साय धरते. साय धरलेला गोंद चिकटत नाही. म्हणून सगळं आधी कोरडं जुळवून बघा, आणि मग एकावेळी एकाच सांध्याला गोंद लावा. हे काम सकाळी उरकलेलं बरं.

समोरच्या फळीला आधीच सनमायका लावला असेल तर गोंदाचा काही उपयोग नाही, तो लाकडापर्यंत पोचतच नाही. जुळणी आधी, सनमायका नंतर. हा क्रम उलटा झाल्याने कितीतरी चांगली कपाटं कुरकुरायला लागतात.

आणखी एक गोष्ट खास खानदेशी उन्हाळ्याची. कूलर. त्याच्या दमट झोतात बाराचं कपाट चार महिने उभं राहतं. दुकानात 'कमर्शियल' म्हणतात तो ताव एमआर, त्यातला गोंद साधारण दमटपणापुरता. 'वॉटरप्रूफ' म्हणतात तो बीडब्ल्यूआर, त्यात फिनॉलचा गोंद, उकळत्या पाण्यालाही काही तास दाद न देणारा. दोन्ही आयएस ३०३ या मानकात येतात. खिसा कोरला की आतले थर हवेला उघडे पडतात, तेव्हा कूलरच्या, मोरीच्या किंवा ओट्याच्या जवळच्या कामाला दुसराच घ्या आणि प्रत्येक खिशात ब्रशने वॉर्निशचा एक हात फिरवा.

८. बारापेक्षा पातळ

नऊचा हिशेब फार वेळ घेत नाही. साडेनऊ मिमीचं बिट आणि नऊ मिमीचा ताव! खिसा होतच नाही, एक उघडी चर होते. लहान बिटने ओढूनताणून केलं तरी डोक्याखाली दोन-तीन मिमी लाकूड राहतं. सहाबद्दल बोलायलाच नको. काही जण 'नऊलाही जमतं' म्हणून दाखवतात. रिकामं कपाट उभं राहतं हे खरं, पण त्यात पुस्तकं किंवा डाळी-तांदळाचे डबे ठेवायचे असतात.

पातळ तावाला वेगळी युक्ती लागते. कोपऱ्यात आतून इंच बाय इंचाची लाकडी रीप लावा, तिला गोंद द्या आणि तावाच्या तोंडातून स्क्रू सरळ रिपेत घाला. आटे भरीव लाकडात रुतले, ताव फक्त दाबला गेला. रीप डोळ्यांना खुपत असेल तर सांध्याच्या जागी दोन इंच रुंदीची बाराची पट्टी तावाला चिकटवून तेवढीच जागा जाड करा. नऊला ती जोडली की एकवीस झाले, आणि एकवीसला पॉकेट होल सुखाने बसतं.

कपाटाच्या पाठीला सहाचा ताव पुरतो आणि तिथे स्क्रूची गरजच नाही. बाजूंना आतून ५-६ मिमी खोल खाच घ्या, पाठ तिच्यात सरकवा, गोंद आणि चार चुका. ही पाठ क्षुल्लक समजू नका. पॉकेट होलच्या चौकटीला कर्णातून दाबलं की ती तिरकी होऊ पाहते. पाठ बसली की तो झोल संपतो. पाठीशिवाय उभं केलेलं बाराचं रॅक पहिल्याच दिवशी हलतं आणि दोष स्क्रूला दिला जातो.

९. बदली झाली तर

गोंद लावलेलं कपाट सुटत नाही. रेल्वेच्या माणसाला हा मोठाच अडसर. मग काही सांधे कोरडे ठेवायचे, पण विचार करून. वरचा आणि खालचा चौकोन, म्हणजे छत, तळ आणि बाजू, यांचे चार सांधे सुटे. मधल्या फळ्याही सुट्या. दरवाजांच्या चौकटी मात्र गोंदाने पक्क्या. सुटे सांधे ठेवायचे असतील तर बाजू अठराच्याच हव्यात. बाराच्या बाजूंत नुसत्या आट्यांवर कपाट उभं करू नये. पाठही चुका न मारता खाचेतून वर सरकून निघेल अशी ठेवा आणि तिला वरून एक पट्टी स्क्रूने लावा.

सोडताना प्रत्येक सांध्याच्या दोन्ही अंगांना पेन्सिलीने तोच आकडा लिहा. स्क्रू खिशातच अर्धवट राहू दिले तर वाटेत अणीने चादरी फाटतात, म्हणून काढून डब्यात टाका. परत जोडताना ड्रिल लावायचं नाही. स्क्रू हाताने आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यांच्या तोंडाशी आला की तो किंचित खाली बसल्यासारखा जाणवतो, तिथून सुलटा फिरवला की आपल्याच जुन्या वाटेने आत जातो. एकदम सुलटा रेटला तर दुसरी वाट कोरतो आणि पॉपलरचा थर तिसऱ्या-चौथ्या जुळणीला हात टेकतो. तशी वेळ आलीच तर आगकाडीचं गुल काढा, काडीला फेव्हिकॉल लावून ती भोकात घाला, बाहेर राहिलेलं टोक मोडा. दुसऱ्या दिवशी त्याच भोकात तोच स्क्रू पुन्हा बसवता येतो.